हितं कोंडाबाई उठल्या

भामाक्काचा आवाज मी आधी ऐकला, बाई मागून दिसली.

रविवार होता. बीडला आमच्या कॉलेजात लेखन-पदविकेचा पहिला तास चालू होता आणि मी समोर मोजून सात टाळकी बसवून साहित्याची व्याख्या सांगत होतो. त्यातला एक निवृत्त तलाठी तर उघड उघड पेंगत होता. तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला, "लिव्हायचं शिकवत्यात ती खोली कंची म्हनावं?" शिपाई तिच्यापासून दोन हातांवर उभा असेल, पण बाई विचारत होती ती पलीकडच्या रानात पाणी धरणाऱ्या माणसाला ऐकू जाईल अशी. तलाठी दचकून जागा झाला. मला ती तिथेच आवडली.

मग दारात आली. पन्नाशीला टेकलेली, उंचीपुरी, अंगावर इरकली लुगडं, हातात खताच्या गोणीची शिवलेली पिशवी आणि दोन्ही भुवयांवर पीठ. "सर, उशीर झाला. लाईट आलती," म्हणाली आणि पहिल्या बाकावर बसली. लाईट गेली म्हणून उशीर झाला असं सांगणारे मी जन्मभर पाहिलेत. आली म्हणून उशीर झालेली ही पहिलीच.

नाव सत्यभामा, पण चौसाळ्यात लहानथोर सगळे तिला भामाक्का म्हणतात. तिथल्या बसस्टँडला लागूनच तिची पिठाची गिरणी आहे. नवरा सोपानराव शेती बघतात आणि बोलत नाहीत. रविवारी ती माझ्या तासाला आली की गिरणीवर तेच उभे राहायचे. घरात ऐंशीची सासू, जिला ती आत्याबाई म्हणते. बारावी आणि बी.ए. तिने लग्नानंतर बाहेरून केलं, गिरणीत उभ्या उभ्या. "बी.ए. तर झालं, आता नुस्तं बसून काय करायचं?" एवढ्यासाठी ती लेखन शिकायला आली होती. असली कारणं ऐकली की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी याच विषयात पीएच.डी. करायला नऊ वर्षं घालवली आहेत.

"आक्का, घर, गिरणी, अभ्यास आणि वर लिहिणं, कसं जमवता हो?" वर्गात शिकायला आलेल्या एका शिक्षिकेने एकदा तिला विचारलं.

"म्या कुठं जमवते, लाईट जमवती," भामाक्का म्हणाली. "लाईट गेली की लिव्हते, आली की दळते. आन दळता दळता लिव्हलेलं वाचून दाखवते. मला येगळं टाईमटेबल कशाला लागतंय?"

ते अगदी खरं होतं. सगळं गाव लोडशेडिंगला शिव्या घालायचं आणि ही बाई पट्टा थांबला की फळीवरची वही उघडून खुशीत बसायची. लाईट आली की वही एका हातात, दुसरा हात पिठाखाली, आणि गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून वाचन सुरू. अठरा वर्षं असं बोलून तिचा आवाज त्याच पट्टीत पक्का झाला होता. आमच्या वर्गात ती कुजबुजली तरी शेजारच्या खोलीतला अर्थशास्त्राचा तास थांबायचा. त्या आवाजात लांब वाक्यं टिकत नाहीत, म्हणून तिची वाक्यं आखूड असत. मी तिला एकदा विचारलं, ही शैली कुठून आणली. "दहा हॉर्सपावरची मोटार हाय सर," ती म्हणाली.

पहिल्या महिन्यात मी दीड हजार शब्दांची कथा लिहून आणायला सांगितली. भामाक्काने हात वर केला. "सर, दीड हजार म्हंजी किती पायल्या?"

वर्ग हसला. मीही हसलो, जरा जास्तच. तिला काही वाटलं नाही. तिने आम्हाला शांतपणे समजावून सांगितलं की पायलीभर ज्वारी दळून होईस्तोवर तिच्या वहीची दोन-तीन पानं मोठ्यानं वाचून होतात. बाई डबा घेऊन उभी असते ती तिचं पीठ पडेपर्यंत. तेवढ्यात गोष्ट संपली पाहिजे, नाहीतर बाईला थांबावंसं वाटलं पाहिजे. मग आम्ही फळ्यावर मांडून बघितलं तर दीड हजार शब्दांच्या अडीच पायल्या निघाल्या. त्यानंतर त्या वर्गात शब्दसंख्या कुणी विचारलीच नाही. तलाठीसुद्धा ओशाळून सांगायचा, "सर, माझी जरा तीन पायल्यांवर गेली."

ती अडीच पायल्यांची कथा मी घरी वाचायला घेतली. तिसऱ्या पानाच्या समासात लाल पेनाने लिहिलं होतं, 'हितं कोंडाबाई उठल्या.' मला वाटलं हे कथेतलंच पात्र. मी मागची दोन पानं चाळली, पुढची चाळली, कोंडाबाई कुठेच नाही. पुढच्या रविवारी विचारलं.

"आमच्या आळीतली हाय. लई कान हाय बाईला," भामाक्का म्हणाली. "पीठ पडलं तरी बसती, गोष्ट संपंस्तोवर. पर जितं कंटाळली तितं उठती. सांगत न्हाई, बोलत न्हाई, डबा डोक्यावर घेती आन चालाय लागती. मग म्या तितं लाल पेन मारते."

"मग तो भाग काढला का नाही?"

"तुमी बी तितंच उठताव का बगावं म्हनलं."

खरं सांगायचं तर तिसऱ्या पानावरचे दोन परिच्छेद मी गाळूनच पुढे गेलो होतो. नऊ वर्षांत मी जे कमावलं ते कोंडाबाईला डबा डोक्यावर घेऊन कळत होतं.

दिवाळीनंतर मात्र बिघडलं. तोवर मी निवेदक शिकवला होता, दृष्टिकोन, काळाची उलटापालट, प्रतिमा, सगळं शिकवलं होतं. भामाक्काने ते लोणच्यासारखं मुरवून घेतलं. चाचणीत तिला सगळ्यांत जास्त मार्क पडले. तिची पुढची कथा आली ती तर पाठ्यपुस्तकात घालावी अशी होती, जिथलं तिथं सगळं. मी खाली 'उत्तम' लिहिलं आणि जांभई दिली. मग तीन रविवार ती आलीच नाही. चौथ्या रविवारी तास संपल्यावर आली, रिकामी पिशवी घेऊन.

"सर, नाव काढा माजं," ती म्हणाली, आणि चक्क हळू आवाजात म्हणाली.

"कोंडाबाई उठल्या का?"

"कोंडाबाई सोडा, समद्याच उठल्या. आत्याबाई तर बसल्या जागी झोपल्या. आदी हात आपसूक चालायचा सर. आता वळी-वळीला इचारावं लागतंय, हे कोन सांगतंय, ह्याला हे कसं म्हाईत. लाईट जाती आन मी नुस्ती बसते वही घिऊन. शिकनं नगं मला. माजं लिव्हनं मला माघारी पायजे."

मी खुर्चीत बसलो आणि जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. पीएच.डी. पूर्ण झाली त्या वर्षी माझी कादंबरी बासष्टाव्या पानावर थांबली, त्याला आता अकरा वर्षं झाली. ती बासष्ट पानं कपाटात आहेत आणि मी दर दिवाळीला त्यांच्यावरची धूळ झटकतो.

भामाक्का हसायला लागली. "आरं देवा. सर, तुमी बी?" म्हणत डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला राग यायला हवा होता, पण मीही हसलो. मग काहीतरी आठवल्यासारखी ती खिडकीकडे वळली.

"हे टाकी मारल्यावानी झालंय," ती म्हणाली. "गिरनीचा दगड झिजून गुळगुळीत झाला की छिन्नीनं टाकी मारावी लागती. न्हाई मारली तर पीठ गरम पडतंय, भाकर चिरती. पर टाकी मारली की पैलं पीठ कचकचतंय. दगडाची कच येती त्यात. ते मान्साला देत न्हाईत. दोन-चार पायल्या भरड दळायची आन टाकून द्यायची. मग दगड बसतो." ती उठली, पिशवी झटकली. "माजी ती गोष्ट टाकून द्यायची हाय. तुमी उगंच उत्तम लिव्हलं."

"मग नाव?"

"ऱ्हाऊ द्या. आन ती बासष्ट पानं बी टाका तुमी."

पदविकेच्या शेवटी एक मोठी कथा द्यायची होती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत ती माझ्या टेबलावर आली नाही तर वर्ष वाया. नियमावली मीच वाचून दाखवली होती: सुटे कागद, शाईचं पेन, एकाच बाजूला लिहायचं, मागची बाजू कोरी. भामाक्काने बावीस पानं लिहिली. गोष्ट घरचीच होती. तिने गिरणी टाकली तेव्हा आत्याबाईंनी गिरणीचं पीठ खायला नकार दिला. दोन महिने म्हातारी आपल्यापुरतं जात्यावर दळून वेगळी भाकरी करून खात होती. मग एक दिवस ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत आली. बाविसाव्या पानावर भामाक्काने तिला मान खाली घालून, हरून आलेली दाखवली होती. खर्ड्यावर मी शेरा मारला होता, 'संघर्षाचा अटळ शेवट. छान.'

भोगीच्या दिवशी सकाळी फोन आला. मी फोन कानापासून लांब धरला.

"सर, माजी गोष्ट गावानं नेली."

झालं होतं असं. भोगीला घरोघर तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी लागतात, त्यामुळे आदल्या दिवशी गिरणीवर सगळं गाव लोटतं. भामाक्का तीळ आणि भाजी आणायला बाजारात गेली होती आणि गिरणीवर सोपानराव एकटे. बराच वेळ गेलेली लाईट आली आणि डब्यांची रांग बसस्टँडपर्यंत गेली. डबे बदलू नयेत म्हणून प्रत्येकात नाव लिहून चिठ्ठी टाकायची ही तिथली रीत. चिठ्ठ्यांचे कागद संपले. आता भामाक्काच्या घरचा नियम असा की एका बाजूने लिहिलेला कागद म्हणजे चिठ्ठीचा कागद. तिचे आधीचे सगळे खर्डे असेच गावभर गेले होते. सोपानरावांनी फळी चाळली तर बावीस कागद, एका बाजूने लिहिलेले, दुसरी बाजू कोरी करकरीत. त्यांनी एकेकाची नीट चौपदरी घडी घातली, वर नाव लिहिलं आणि डब्यात टाकली. मी जर दोन्ही बाजूंनी लिहायला सांगितलं असतं तर त्यांनी त्या कागदांना हातही लावला नसता.

"मोबाईलवर फोटो तरी काढायचा होता," मी चिडून म्हणालो.

"मोबाईलवर म्या लाईट कवा येती ते बगते सर."

नियम म्हणजे नियम, मुदत मिळणार नाही, असं मी ठणकावून सांगितलं आणि फोन ठेवला. मग दिवसभर मला भाकरी गोड लागली नाही. संक्रांतीला सकाळीच स्कूटर काढली आणि चौसाळ्याला गेलो.

गिरणी सणामुळे बंद होती, पण दार उघडं. सोपानराव कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते. मला बघून उठले आणि म्हणाले, "अक्षर चांगलं व्हतं, म्हनून घडी नीट घातली." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकुलतं एक वाक्य. भामाक्काने आदल्या दिवशीच सगळ्या आळीला सांगावा धाडला होता: यंदा हळदीकुंकू गिरणीत, येताना डब्यातली चिठ्ठी घेऊन या. बायका येत होत्या, नव्या साड्या नेसून, एका हातात तिळगूळ आणि दुसऱ्या हातात एकेक पान. चौथ्या पानावर तेलाचा हात उमटला होता. अकराव्याला तीळ चिकटले होते. आठव्यावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'सून बी काय कमी न्हाई.'

प्रत्येकीने आपलं पान वाचलं होतं किंवा वाचून घेतलं होतं, आणि तेवढ्यावरच कडाक्याचं भांडण लागलं होतं. एकीच्या पानात म्हातारी रडत होती, दुसरीच्या पानात ती जात्याचा खुंटा घेऊन सुनेवर धावली होती. आधी काय झालं आणि पुढं काय झालं याच्यासाठी बायका कासावीस झाल्या होत्या. भामाक्काने पानं लावली आणि वाचायला सुरुवात केली. गिरणी बंद, कुठे काही आवाज नाही, तरी ती मोटार चालू असल्यासारखा आवाज चढवूनच वाचत होती. कुणाला काही वाटलं नाही. कोंडाबाई मला त्या दिवशी प्रथम दिसल्या, बारीक चणीच्या, तोंडात मिश्री. त्या जागच्या हलल्या नाहीत.

एकविसावं पान संपलं आणि भामाक्का थांबली. बाविसावं नव्हतं.

"बावीस कुनाकडं गेलं?" तिने विचारलं. सोपानराव आधी जमिनीकडे बघत होते, मग त्यांनी हळूच पोत्यावर बसलेल्या आत्याबाईंकडे बघितलं. घरचाही डबा होताच की. आत्याबाईंनी कनवटीची घडी काढून मुठीत धरली. त्यांना अक्षर येत नाही. भोगीला कोंडाबाईंकडून वाचून घेतलं होतं.

"हे मी देत न्हाई," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, उद्या पाचला द्यायचंय. माजं वरीस जाईल."

"जाऊ दे. खोटं हाय ते. मी हारून आले न्हवते."

म्हातारी बोलायला लागली, कुणाकडे न बघता. "म्या तुज्या गिरनीचं खात न्हाई म्हनून समद्या आळीनं तोंड फिरवलं. घरचीच खात न्हाई तर आमी कावून खावं, म्हनाया लागल्या. दोन महिनं तू सकाळी यायचीस, मशीन पुसायचीस, सांजच्याला माघारी. एक दिस जेवली न्हाईस. ताटावरनं उठलीस. माजी भाकर माज्या घशात आडकली, भामे. मग म्या डबा घेतला. मागच्या बोळातनं दोन पावलावर व्हती गिरनी. पर म्या बोळातनं आले न्हाई. पार फिरून, पाराफुडनं आले, डबा डोक्यावर घिऊन, समद्यांनी बगावं म्हनून. दुसऱ्या दिशी कोन आलं दळायला?"

"मी," कोंडाबाई म्हणाल्या.

भामाक्काच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "अठरा वर्सं मला वाटतंय तुमी हारला," ती म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं, नाक पुसलं. मीही उगाच चष्मा पुसला. मग तिने एक कोरा कागद घेतला, पोत्यासमोर फरशीवर बसली आणि म्हणाली, "आता सांगा पैल्यापसनं." म्हातारी सांगत गेली आणि ती लिहीत गेली, एकही खाडाखोड न करता. मध्ये एकदा तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"सर, हितं निवेदक बदलतोय. मुद्दाम बदलते."

एकवीस पानं सून सांगते आणि शेवटचं पान सासू. हे माझ्या कुठल्याही नोट्समध्ये बसत नव्हतं. मी मान हलवली. तिचा दगड बसला होता.

दुसऱ्या दिवशी साडेचारला तिने पानं माझ्या टेबलावर ठेवली. नव्याने लिहून काढायला वेळ नव्हता आणि तिची इच्छाही नव्हती. मागच्या बाजूंना 'कोंडाबाई, बाजरी, बारीक' वगैरे तसंच होतं. मी शिक्का मारला. उन्हाळ्यात निकाल लागला. ती चांगल्या मार्कांनी पास झाली. बाहेरच्या परीक्षकाचा शेरा होता, 'हस्तलिखिताच्या स्वच्छतेकडे लक्ष द्यावे. शेवट अनपेक्षित व उत्तम.' भामाक्काने तो गिरणीवर मोठ्यानं वाचला. आत्याबाईंनी पोत्यावरून तिथल्या तिथे सांगितलं, "शेवट माजा हाय. त्याचे मार्क मला दे." पुढे कित्येक दिवस त्या येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होत्या, माझे मार्क कधी येणार.

जूनमध्ये माझी बदली झाली, लांब, चौसाळ्यावरून पुढे दिवसभराच्या वाटेवर. त्याआधी मी दोन कामं केली होती. बासष्ट पानं खरंच रद्दीत टाकली, आणि नव्याने तेरा पानं लिहून भामाक्काकडे दिली. दळायला आणलंय, एवढंच म्हणालो होतो.

जायच्या दिवशी बस चौसाळ्याला थांबली तेव्हा मी धावत उतरून गिरणीत गेलो. मशीन चालू होतं, तीन-चार बायका डबे घेऊन उभ्या होत्या. भामाक्काने फळीवरून कागदांची गुंडाळी काढून माझ्या हातात दिली. "काय म्हणाल्या सगळ्या?" मी विचारलं. "बशीत बसून बगा, कंडाक्टर बोंबलतोय," ती म्हणाली. मी वाकून नमस्कार करणार तेवढ्यात तिने माझ्या हातावर तिळाचे दोन लाडू ठेवले, जूनच्या उन्हात. मी ते तिथेच खाल्ले.

खिडकीशी बसून गुंडाळी उघडली. तिसऱ्या पानाच्या समासात लाल पेन: 'हितं कोंडाबाई उठल्या.' बघितलं तर तिथे मी पानभर आकाशाचं वर्णन केलं होतं. मी एवढ्या जोरात हसलो की शेजारचा माणूस पिशवी घेऊन सरकून बसला. पाचव्या पानावर होतं, 'कोंडाबाई माघारी येऊन बसल्या.'

"कुटवर आलाव?" गिरणीच्या पायरीवरून भामाक्काचा आवाज आला. बसमधली सगळी माणसं वळून बघायला लागली. ती तिथे उभी राहून माझा चेहरा बघत होती, मी कुठे उठतो ते. मी भराभर शेवटचं पान काढलं. खाली, माझ्या शेवटच्या ओळीला खेटून लिहिलं होतं, 'हितं लाईट गेली. कुनी उठलं न्हाई.'

मी खिडकीतून ते पान बाहेर धरून तिला दाखवलं. तिने मान डोलावली. बस हलली तसा गिरणीचा आवाज बारीक होत गेला आणि एकदम थांबला. लाईट गेली होती. भामाक्काने मला हात केला, पदराला बोटं पुसली आणि आत जाऊन फळीवरची वही उघडली.